जेनबाई आणि माझा अंगठा

काही पुस्तकं वाचायची असतात आणि काही नुसती घ्यायची असतात हे आमच्या घरात फक्त मलाच पटतं. कापडी बांधणी, कडक पुठ्ठा, वर सोनेरी नक्षी, आत रिबीन. अशा चौघीजणी आहेत माझ्याकडे, जुन्या इंग्रज कादंबरीकार, जेन ऑस्टेन, शार्लट आणि एमिली ब्राँटे, आणि मेरी शेली.

आता याच चारही कादंबऱ्या कॉलेजपासून होत्या माझ्याकडे, फुटपाथवर घेतलेल्या, पिवळ्या पडलेल्या, कुणीतरी पेनाने रेघा मारलेल्या, आणि खरं सांगायचं तर वाचते मी त्याच. आईने सरळ विचारलं, "अगं, तेच पुस्तक परत कशाला?" म्हटलं पैठणी काय रोज नेसतो का आपण? तर म्हणे पैठणी निदान लग्नात तरी नेसतात.

म्हणून मे महिन्यात हट्टाने वाचायला घेतलं. डोंबिवली, दुपार, लाईट गेलेली. आडवं पडून वाचताना डुलकी लागली आणि प्राइड अँड प्रेज्युडिस नाकावर आलं. पेपरबॅक पडतं तसं नाही, पाट पडतो तसं. मग उठून बसले, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तासाभराने बघते तर घामेजल्या अंगठ्याला सोनं! कव्हरवरची वेलबुट्टी माझ्या हातावर, आणि पाठीवरच्या 'ऑस्टेन'मधला 'टेन' गायब.

गंमत बघा, या बाईंचं पहिलं पुस्तक १८११ ला आलं तेव्हा त्यावर नाव नव्हतंच, नुसतं 'एका बाईकडून'. १८१३ च्या या कादंबरीचे हक्क ११० पौंडाला देऊन टाकलेले आणि तिच्यावर तर तेही नाही, आधीच्या पुस्तकाच्या लेखकाकडून म्हणे! नाव छापून आलं ते १८१७ मध्ये बाई गेल्यावर, भावाने लिहिलं म्हणून. ब्राँटे बहिणी टोपणनाव घेऊन बेल आडनावाच्या झालेल्या, शार्लटची करर आणि एमिलीची एलिस. आणि १८१८ चं फ्रँकेनस्टाइन बिननावी, त्यामुळे भल्याभल्यांना वाटलं शेलीबाईंच्या नवऱ्यानेच लिहिलंय (वाटणारच). एवढं सगळं होऊन दोनशे वर्षांनी सोन्यात नाव आलं ते मी एका दुपारीत पुसलं.

तेव्हापासून चौघी काचेच्या कपाटात. वाचायचं सोडा, कुणाला हातही लावू देत नव्हते.

मग दसरा आला. सरस्वतीपूजनाला दरवर्षी मुलाची गणिताची वही आणि पंचांग असतं, यंदा आईला वाटलं पाटावर जरा बऱ्या दिसणाऱ्या ठेवाव्यात. मी आंघोळ करून बाहेर येते तर चौघी ओळीने बसलेल्या, झेंडू वाहिलेला, अक्षता, आणि शार्लटच्या कापडावर हळदीकुंकवाची ओली बोटं. कापडच ते, प्यायलं सगळं.

"आई!! अगं कलेक्शनची आहेत ती!"

"बाईच आहे ना? मग कुंकू लावलं तर बिघडलं कुठे?"

"तिने पुरुषाच्या नावाने लिहिलं होतं," मी उगाच काहीतरी बोलले.

"लिहिलं असेल. आपल्या मालतीबाई बेडेकरांनी नाही का विभावरी शिरूरकर नाव घेतलं? १९३३ साली कोण ही बाई म्हणून केवढा गहजब झाला होता. निदान बाईचं नाव तरी घेतलं." आईने चष्मा सरकवून शार्लटकडे नीट बघितलं. "फारच उठून दिसतंय का गं? थांब, पुसून देते."

आणि ओलं फडकं आणायला आत गेली.