‘साठीनंतर लिंबू-सोडाच पुरे’: एका संदेशाचा प्रतिवाद

वयस्कर महिलांसाठी म्हणून फिरणाऱ्या एका संदेशात चार गोष्टी ठासून सांगितल्या जातात: लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चोळल्याने डाग जातात, भरपूर पाणी प्यायल्याने कोरडेपणा हटतो, या वयात सनस्क्रीन लावणे व्यर्थ असते आणि पैसे घालायचेच असतील तर ते कोलेजनच्या, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, क्रीमवर घालावेत. त्वचेसाठी फार खर्च लागत नाही, हा त्यातला विचार बरोबर आहे. उपाय मात्र एकही धड नाही.

लिंबू-सोड्याचा सल्ला सर्वांत अपायकारक आहे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; अंक जितका कमी तितके आम्ल जास्त) ५च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा सुमारे २; आणि सामूचा एकेक अंक दहापटीचा असल्याने तो रस त्वचेपेक्षा जवळजवळ हजारपट आम्ल ठरतो. सोडा उलट टोकाचा, म्हणजे अल्कधर्मी. दोन्ही एकत्र केल्यावर येणारा फेस निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा असतो, त्याने मळ निघत नाही. त्यातही, लिंबातील फ्युरोकूमरिन द्रव्ये अंगावर असताना ऊन लागले, तर फोड येऊन त्या जागी नवे काळे डाग पडू शकतात. रजोनिवृत्तीनंतर आधीच पातळ आणि कोरड्या झालेल्या त्वचेवर हा प्रयोग करू नये.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, शरीरात पाणी कमी पडले असेल तर ते प्यायलाच हवे. पण पुरेसे पाणी पिणाऱ्या व्यक्तीची कोरडी नडगी आणखी चार ग्लासांनी मऊ होत नाही, कारण तिथे उणीव असते ती त्वचेतले पाणी बाहेर जाऊ न देणाऱ्या स्निग्ध थराची. त्यासाठी कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकावी, बिनवासाचा सौम्य साबण गरजेपुरताच वापरावा, टॉवेलने अंग न घासता टिपावे आणि ते ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा जाडसर क्रीम लावावे. जेली चिकट लागते ही तक्रार रास्त आहे. पण वाटाण्याएवढी घेऊन ओल्या तळहातांवर पसरवली तर ती एका नडगीला पुरते. तळपायांना लावल्यास मात्र मोजे घालावेत, कारण या वयात घसरून पडणे कोरड्या टाचांपेक्षा कितीतरी महागात पडते.

सनस्क्रीन व्यर्थ म्हणणे सोपे आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथील चाचणीत ते रोज लावणाऱ्या गटात साडेचार वर्षांत त्वचेचे वार्धक्य मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांतील सहभागी ५५ वर्षांखालील होते, हेही सांगितले पाहिजे. तरीही उन्हाने होणारी हानी साठीला थांबत नाही आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वयाबरोबर वाढतच जातो. स्वस्त सनस्क्रीनवर एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए व यूव्हीबी ही दोन्ही अतिनील किरणे अडवणारे) असे लिहिलेले असले की पुरे. रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्या तर रोज विकत घ्याव्या लागत नाहीत.

कोलेजनचा रेणू इतका मोठा असतो की तो त्वचेच्या वरच्या थरातून आत जात नाही. तो पृष्ठभागावर ओलावा धरतो, आणि तेवढे काम साधे ग्लिसरीनयुक्त क्रीमही करते. सुरकुत्यांसाठी पुराव्याचे पाठबळ आहे ते रेटिनॉइडला, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषधाला, पण त्यानेही आग आणि सालपटे होत असल्याने आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करावी.

या सवयींनंतरही अंगभर खाज राहिली, तर मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. अशा वेळी, तसेच तीळ बदलू लागला किंवा काही आठवड्यांत जखम भरली नाही, तर नवे क्रीम शोधत न बसता डॉक्टरांना दाखवावे.