बिनखर्चाची लग्नं? पटलं नाही

शंभर वर्षांपूर्वी खेड्यातली लग्नं बिनखर्चाची असत, हे जुन्या लग्नांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. पळसाच्या पत्रावळी, घरची डाळ, गावानं घातलेला मांडव, हे खरं. पण वऱ्हाड दिवसचे दिवस जानोशावर, म्हणजे त्यांच्या उतरायच्या जागी, राही, त्यांच्या बैलांचा कडबाही मुलीच्या बापानंच पुरवायचा! आमच्या यवतमाळकडे त्यासाठी शेतात उभा असलेला कापूस सावकाराला लिहून दिला जाई, असं आजी सांगायची.

आणि नवरीच्या वयाबद्दल एक अक्षर नाही? आजीची आई लग्नात इतकी लहान होती की मामानं तिला कडेवर घेऊन बोहल्यावर नेलं. बालविवाह रोखणाऱ्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. तो १ एप्रिल १९३० ला लागू होण्याआधी देशभर लहान पोरींची लग्नं घाईघाईनं उरकली गेली. हे लिहायलाच हवं होतं.