गल्ली सुरक्षित करायचीय? मग स्वतःच्या गेटपासून सुरुवात करा

सांगलीत विश्रामबाग असो, खणभाग असो नायतर शामरावनगर, गल्ली सुरक्षित पाहिजे असं आजकाल सगळ्यांनाच वाटतं. बरोबरच आहे. फक्त काम आपल्या गेटपाशी सुरू करायचं आणि तिथंच संपवायचं, शेजाऱ्याच्या गेटपर्यंत गेलात की लोक म्हणतात हा नगरसेवकाला उभा राहणार दिसतोय.

पहिला स्पीडब्रेकर. तुमच्या दारातनं पोरं सुसाट गाड्या मारतात ना, मग अर्जबिर्ज करत बसू नका. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात गोल पाठीचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, म्हणजे गाडी सावकाश चढणार, सावकाश उतरणार. असल्यानं कुणाला धाक बसतोय? बाथरूमच्या कामातलं उरलेलं सिमेंट घ्या, दोन पाट्या खडी घ्या, गवंड्याच्या हातावर चहापाण्याचं टेकवा आणि रात्री दहानंतर वीतभर उंच, वीतभर रुंद असा कट्टाच घालून टाका. पांढरे पट्टे अजिबात मारायचे नाहीत, पट्टे दिसले की लोक आधीच ब्रेक दाबतात, मग काय मजा. सकाळी समोरचे काका "आमच्याबी दारात पाहिजे" म्हणतील, घालू द्या त्यांना, त्यांचं बघून पलीकडचे घालतील, आणि महिन्याभरात रिक्षावाला गल्लीत यायचं बंद करून "पेशंटला चौकापर्यंत चालवत आणा" असं फोनवर सांगायला लागेल. झाला का नाही वेग कमी!

आता सुसाट गाड्या मारणारी ती पोरं कुणाची, ह्याच्या खोलात जाऊ नका. आपला नववीतला बंड्या क्लासला मोपेडवर जातो ती गरज असते, दुसऱ्याचा जातो तो माज असतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण हे व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्यांच्या माहितीसाठी टाकायचं आणि खाली हात जोडायचे.

गटारीचं तर फारच सोपंय. गाडी आत घ्यायला रॅम्प लागतोच, तो गटारीवरनं रस्त्यात तीन फूट पुढं आणायचा, नायतर गाडी खाली घासते. खाली गटार तुंबली तर तुंबू दे, स्लॅबखाली कोण वाकून बघतंय? जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं की "कोयनेतनं सोडलं वाटतं" म्हणायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फुटांची आणि पाणी पंधरावर खेळत असलं तरी चालतंय, २००५ आणि २०१९ बघितलेल्या गावात पुराचं नाव काढलं की पुढं कोण वाद घालत नाही.

खड्ड्यात पडलात तर मात्र जरा शांतपणे पडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं खड्ड्यामुळं जीव गेला तर घरच्यांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या असं सांगितलंय. त्याला पुरावा लागणार, फोटो लागणार, आणि आपण काय करतो, आधी कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघतो, मग रक्ताळलेला गुडघा झटकत "काय न्हाय, काय न्हाय लागलं" करत गाडी उचलून पळतो. इज्जत अडीच लाखापेक्षा मोठी असते शेवटी!

राहिली चोरी. तुमच्या खिडकीत उजेड येतो म्हणून खांबावरचा दिवा तुम्हीच वायरमनला सांगून फिरवून घेतला असेल, ते ठीकच केलंत, झोप महत्त्वाची. त्याऐवजी सीसीटीव्ही बसवा. रस्त्याकडं नाही हो, आपल्या गाडीकडं तोंड करून! गल्लीत कुणाची चेन गेली तर तुमच्या फुटेजमध्ये गाडीचं कव्हर वाऱ्यानं हलताना एकदम स्पष्ट दिसतं. पोलिसांनी तेवढंबी मागितलंच तर सांगायचं, पासवर्ड पुण्याच्या पोराकडं आहे आणि तो मीटिंगमध्ये आहे.