टांझानियातून तूर आणताय? मग एवढं पाठ करा

टांझानियातून तूर आणून वाशीत विकायचा बेत आहे ना? उत्तम. मग एक वाक्य पाठ करा: 'आफ्रिकेत धोरणाचा काही भरवसा नसतो.' हे वाक्य दलालाला ऐकवा, लातूरच्या डाळमिलवाल्याला ऐकवा, विमानात शेजारी बसेल त्यालाही ऐकवा. भांडवल थोडं कमी पडलं तरी निभावतं, हे वाक्य कमी पडता कामा नये.

अभ्यास फार करू नका. अरुषा, मटवारा, गजरी, लेमन ही तुरीची बाजारातली नावं तोंडात बसली की झालं. अरुषा हे मेरू पर्वताच्या पायथ्याचं शहर आहे आणि बाबटीकडचा शेतकरी मक्याच्या ओळींत तूर घेतो, असल्या माहितीने क्विंटलमागे रुपया सुटत नाही. तिकडे किनाऱ्यावर तूर नारळाच्या दुधात शिजवून सकाळच्या न्याहारीला खातात. तेही विसरा, नाहीतर फोडणीच्या वरणाबद्दल भलत्या शंका येऊ लागतील.

दार-एस-सलामला पोचल्यावर कोणी स्वाहिलीत 'चार वाजता या' म्हणाला, तर दुपारी चारलाच जा. तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात आणि त्यांचे चार म्हणजे आपले सकाळचे दहा, हे कोणाला विचारू नका. बंद दारासमोर उभं राहा, कपाळावरचा घाम पुसा आणि म्हणा, 'ह्या लोकांना वेळेची किंमतच नाही.' तुमचा पहिला व्यापारी अनुभव इथे नोंदवला गेला.

पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेला एखादा कच्छी शेठ भेटेल. १९७१ मध्ये सरकारने खासगी इमारती ताब्यात घेतल्या, त्यात आजोबांचीही गेली, असं तो चहा पिता पिता सांगेल. एवढं ऐका आणि उठा. 'मग तुम्ही अजून इथे कसे?' हा प्रश्न विचारलात तर चहा थंड होईल आणि तुमचं पाठ केलेलं वाक्यही डळमळेल.

आता खरेदी. खिशात रोकड घेऊन थेट बांधावर जायचं, असं तुमच्या मनात असेल, तर जुलै २०२५ चा आदेश बघा. परदेशी माणसाला तिथे पंधरा प्रकारचे धंदे बंद झाले. त्यात मोबाइल दुरुस्ती आहे, सलून आहे आणि शेतावर जाऊन माल खरेदी करणंही आहे. दंड एक कोटी शिलिंगपासून पुढे, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद. इथे खवळायचं. 'परक्याला बांधावर पाय ठेवू देत नाहीत, हा कुठला न्याय?' महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या मराठी माणसालासुद्धा सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही, हे त्या क्षणी आठवू देऊ नका. तो वेगळा विषय आहे. आपले कायदे हे कायदे, त्यांचे ते निर्बंध.

आणि तिथल्या शेतकऱ्याचा माल सहकारी संस्थेच्या गोदामात, हातात पावती, मग ऑनलाइन लिलाव, ह्या पद्धतीला 'सरकारी जाच' म्हणा. आपल्याकडे हेच झालं की त्याला 'बाजार सुधारणा' म्हणतात.

गप्पांसाठी काजूचा किस्सा तयार ठेवा. नोव्हेंबर २०१८. व्यापारी भाव देईनात, तेव्हा अध्यक्ष मगुफुलींनी किलोला ३३०० शिलिंग जाहीर केले आणि माल उचलायला थेट सैन्य धाडलं. काजूच्या पोत्यांवर बंदूकधारी जवान! रंगवून सांगा, टाळी हमखास.

दुसरा किस्सा मात्र चुकूनही सांगू नका. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला जाऊन डाळींचा करार करून आले, दौऱ्यात टांझानियाही झाला. भाव बघून तिकडच्यांनी तूर पेरली. तेवढ्यात इकडे महाराष्ट्रात एवढी तूर पिकली की २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि सरकारकडे बारदाना संपला. मग ऑगस्टच्या पाच तारखेला दिल्लीतून अधिसूचना निघाली: वर्षाला दोन लाख टनांपेक्षा जास्त तूर आणायची नाही. मोझांबिकचा करारातला माल वाचला, अरुषाच्या मालाला करार नव्हता. ऑगस्ट म्हणजे उत्तर टांझानियात काढणीचा हंगाम. तूर खळ्यावर, आणि जवळजवळ एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक दार लावून आत बसलेलं. भाव असा कोसळला की काढणीची मजुरी सुटेना.

बंदूक नाही, जवान नाही, नुसती पीडीएफ.

मे २०२१ मध्ये तेच दार सताड उघडलं, पण ठरावीक तारखेपर्यंतच. पुढे दर वर्षी मुदतवाढ. त्यामुळे तुमच्या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे दार-एस-सलामचा धक्का नव्हे, बिल ऑफ लेडिंगवरचा, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरचा, तारखेचा रकाना. भाव, ओलावा, डागी दाणे मागाहून बघता येतील. तारीख हुकली की तुमचा माल शुद्ध असो की किडका, कस्टमला सारखाच.

हे सगळं जमलं की एखाद्या रात्री बाबटीच्या आडत्याचा फोन येईल. 'पावसाची चिन्हं चांगली आहेत. शेतकरी विचारतायत, यंदा तूर वाढवू का? तुमचं सरकार पुढच्या वर्षी घेईल ना?' न डगमगता सांगा, वाढव. भाव चढला तर सल्ला तुमचा होता, पडला तर दोष आफ्रिकेचा, वाक्य पाठ आहेच. आणि त्याने मुदतवाढीच्या कागदाची प्रत मागितलीच, तर दोनदा मोठ्याने 'हॅलो, हॅलो' म्हणा आणि रेंज गेली असं समजून फोन ठेवा.