विन्याची बहात्तरी

व्याजदर उतरल्याची बातमी आली आणि विन्या कट्ट्यावर टेकायच्या आधीच सुरू झाला.

"बापू, तू गाढव आहेस."

बापूने गेल्याच आठवड्यात घराचं कर्ज मुदतीच्या नऊ वर्षं आधी फेडलं होतं. कागद सोडवून आणले, त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. विन्याला तो फोटोच खुपत होता.

"सात टक्क्यांचं कर्ज! इतके स्वस्त पैसे तुला पुन्हा कोण देणार? तेच बाजारात बारा टक्क्यांनी लावायचे. बहात्तरला बाराने भाग. किती? सहा. सहा वर्षांत दुप्पट!"

विन्याचं अर्थशास्त्र या भागाकारापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मग मोबाईलवर आलेख निघतो. रेघ डावीकडून उजवीकडे नुसती चढत जाते.

"हा कधीपासूनचा आहे?" शुभाने विचारलं.

"2009 पासून."

"म्हणजे 2008 ला बाजार कोसळला, त्या विहिरीच्या तळापासून उंची मोजलीस. जपानचा काढ की. डिसेंबर 1989 मध्ये तिथला शेअर निर्देशांक निक्केई 38,900 च्या वर गेला होता. ती पातळी पुन्हा ओलांडली फेब्रुवारी 2024 मध्ये. चौतीस वर्षं तू हप्ते भरत बसला असतास."

"लाभांश मिळतो मधे," विन्या म्हणाला. मुद्दा बरोबर होता, पण आवाज खाली आला होता.

बापू इतकंच म्हणाला, "मला झोप लागते आता."

"झोप! झोपेवर किती टक्के परतावा मिळतो रे?"

"सात," शुभा म्हणाली. "खात्रीचा. वाचलेल्या व्याजावर करही नाही. तुझे बारा सरासरीचे आहेत. एखाद्या वर्षी अधिक तीस, एखाद्या वर्षी उणे तीस. कर्जाचा हप्ता मात्र सरासरी बघून येत नाही, दर महिन्याला येतो."

मग तिने कट्ट्यावर खडे मांडले. शंभर स्वतःचे, शंभर उसने. बाजार तीस टक्के पडला, की दोनशेचे उरले एकशेचाळीस. त्यातले शंभर सावकाराचे. "बाजार पडला तीस, तू पडलास साठ. व्याज वेगळंच." विन्याने गुपचूप एक खडा आपल्याकडे सरकवला.

मला अर्धवट वाचलेलं सांगायची खोड आहे, म्हणून मी अर्व्हिंग फिशरचा विषय काढला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला नावाजलेला अर्थतज्ज्ञ. 1929 च्या पडझडीआधी काहीच दिवस, शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेत, असं म्हणून बसला. स्वतः कर्ज काढून शेअर घेतले होते. सगळं गेलं. शेवटी विद्यापीठानेच त्याचं घर विकत घेऊन त्यालाच भाड्याने दिलं.

"त्याच्याकडे ॲप नव्हतं," विन्या म्हणाला. हे तो गंभीरपणे म्हणाला.

बापू फारच खुशीत आलेला बघून शुभा त्याच्याकडे वळली. "तू हसू नकोस. खातं पार धुऊन कर्ज फेडलंस. उद्या नोकरी गेली तर बँकेला सांगशील, माझे पैसे परत द्या? भिंती पोखरून खर्चाला पैसे निघत नाहीत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मग फेडायचं होतंस. त्या वेळी छत गळलं तेव्हा चौदा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज कोणी काढलं होतं?"

बापूने कट्ट्याचा कोपरा नखाने उकरला.

"बघ! म्हणजे माझंच बरोबर," विन्या उसळला.

"तुझंही बरोबर नाही. स्वस्त कर्ज अंगावर ठेवून गुंतवणूक करणं वेगळं आणि गुंतवायला नवं कर्ज काढणं वेगळं, असं लोक समजतात. हिशोब एकच आहे. फरक सावकाराचा. घराच्या कर्जात हप्ता वेळेवर गेला की बाजार पडला म्हणून बँक दारात येत नाही. शेअर गहाण ठेवून पैसे घेतलेस, तर भाव तळाला असतानाच फोन येतो. पैसे भर, नाहीतर विकतो."

"मला कोणाचा फोन येत नाही," विन्या म्हणाला.

"करू का मी?" बापू अचानक म्हणाला. "तू बाईक घेतल्यावर माझ्याकडून घेतले होतेस. दोन महिन्यांसाठी. किती वर्षं झाली?"

विन्या मोबाईलमध्ये बघू लागला.

"सहा," शुभा म्हणाली. "बहात्तर भागिले बारा."

"दुप्पट!" आम्ही तिघंही एकदमच ओरडलो. बापूने हात पुढे केला.

"अरे, पण ते मी बाजारात लावलेच नव्हते!"

"मग कुठे लावलेस?"

विन्या बराच वेळ काही बोलेना. मग खाली बघत म्हणाला, "बाईकचं कर्ज फेडून टाकलं. मुदतीआधी. डोक्यावर हप्ता असला की झोप नाही रे लागत."