प्रेट्झेल, कॉस्टिक सोडा आणि तो फॉरवर्ड

भाचीने पेनसिल्व्हेनियाहून पाठवलेली कुरकुरीत प्रेट्झेलची (गाठीच्या आकाराच्या खाऱ्या बिस्किटांची) पाकिटं ताईने न फोडता कचऱ्यात टाकली. कारण एक फॉरवर्ड: 'प्रेट्झेल गटार साफ करायच्या कॉस्टिक सोड्यात बुडवतात, मुलांची आतडी जळतात, रंगही रसायनाचाच. चुरा स्वयंपाकात वापरला तर तापल्यावर विष पुन्हा सुटतं!' हे वाचून गप्प बसवत नाही.

सोड्याचं अर्धं खरं आहे. भट्टीत जाण्याआधी कच्च्या प्रेट्झेलवर कॉस्टिक सोड्याचं गरम, अगदी पातळ द्रावण देतात, कारखान्यात साधारण एक टक्क्याच्या आसपास. पण मेसेज तिथेच थांबतो. भाजताना तो सोडा कार्बन डायऑक्साइडशी मिळून सोडियम कार्बोनेट होतो, आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार. पिढ्यान्‌पिढ्या खारावर पापड लाटणाऱ्या घरात ही भीती पसरावी? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत (21 सीएफआर 184.1763) सोडियम हायड्रॉक्साइडला, म्हणजे याच कॉस्टिक सोड्याला, अन्नप्रक्रियेसाठी सुरक्षित म्हणून मान्यता आहे. आतडी जळतात ती कोरड्या किंवा तीव्र कॉस्टिकने. भाजलेल्या प्रेट्झेलमध्ये ते त्या रूपात उरतच नाही.

आणि 'तापल्यावर विष सुटतं' हे तर धडधडीत खोटं. सोडियम कार्बोनेट वितळायलाच 851 अंश सेल्सियस लागतात. तळणीचं तेल असतं 180च्या आसपास. तेवढ्यावर त्याचं पुन्हा कॉस्टिक होत नाही. म्हणून चिकनला ब्रेडक्रम्सऐवजी प्रेट्झेलचा चुरा लावा, लोण्यात कालवून 'पाय' (pie) या भाजलेल्या पदार्थाचा तळ करा, खुशाल करा. चुरा पिशवीत घालून लाटण्याने जाडसर करायचा, पार पीठ नाही, नाहीतर कुरकुरीतपणा जातो.

रंगाचं थोडक्यात: क्षारामुळे पिठातली साखर आणि प्रथिनं भाजताना लवकर तपकिरी होतात. रंग घालावा लागत नाही.

काळजी करायचीच तर मिठाची करा, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम प्रेट्झेलमध्ये बहुतेक वेळा 300 ते 500 मिलीग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा आहे 2000 मिलीग्रॅम. शिवाय बहुतेक प्रेट्झेल मैद्याचीच. बीपीवाल्यांनी मोजूनच खावं. चुरा वापरताना वरचे मिठाचे खडे झटकून टाका आणि पदार्थात वेगळं मीठ घालू नका.

एक मात्र हात जोडून सांगते: मेसेज वाचून कुणी दुकानातून ड्रेन क्लीनर आणून घरी प्रेट्झेलचा प्रयोग करू नका. त्यात इतरही रसायनं असतात. खायच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून भाजली तरी छान होतात.