शुगरची माहिती दुसऱ्या दवाखान्यात पोचू नये म्हणून काय करावं

डॉक्टर असाल, लॅब चालवत असाल किंवा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवत असाल तर हे तुमच्यासाठी. पेशंटची डायबेटीसची माहिती इकडून तिकडे गेली आणि तिकडच्याला ती चक्क कळली तर सगळ्यांचीच पंचाईत, मग सगळ्या टेस्ट परत कशा सांगणार? त्यामुळे घोळ नावापासूनच घाला. रोग एकच, पण एका फाइलीत डीएम टू (डायबेटीस मेलिटस टाइप टू), दुसरीत एनआयडीडीएम (म्हणजे 'इन्सुलिनवर अवलंबून नसलेला डायबेटीस', हे नाव कधीच मोडीत निघालंय, म्हणूनच वापरायचं), तिसरीत केसीओ डीएम (म्हणजे 'नोन केस ऑफ' डायबेटीस) आणि चौथीत नुसतं 'शुगर आहे'. टाइप वन की टाइप टू ते तर लिहूच नका. टाइप वनवाल्याचं इन्सुलिन कोणी चुकून बंद केलं तर त्याच्या जिवावर बेतेल हे खरंय, पण तोवर तो दुसऱ्याचा पेशंट झालेला असतो ना.

रोगांना आणि टेस्टना जगभर ठरवून दिलेले कोड असतात, स्नोमेड सीटी, आयसीडी-१० आणि लॉइंक या त्यांच्याच याद्या, त्या भानगडीत अजिबात पडू नका. टाइप टू म्हटलं की स्नोमेड सीटीमध्ये ४४०५४००६, आयसीडी-१० मध्ये ई११, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची) टेस्टला लॉइंकमध्ये ४५४८-४, म्हणजे कुठल्याही गावचं कॉम्प्युटर कुठल्याही भाषेत ओळखणार, मग तुमच्या अक्षराचं कौतुक काय राहिलं? वर भारत २०१४ पासून स्नोमेडचा मेंबर आहे, त्यामुळे इथे वापरायला लायसन्स फी नाही, आणि हे सगळं बघणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत बसलंय. पुण्यात आणि फुकट! काहीतरी गडबड असणारच.

एककं हा मात्र कलेचा प्रांत आहे, इथे घाई नको. रिपोर्टवर नुसता ७ छापा. एचबीएवनसी ७ टक्के असेल तर बऱ्याच जणांसाठी ते टार्गेट, पण उपाशीपोटीची शुगर ७ मिलिमोल असेल तर ती आपल्याकडची १२६ मिलिग्रॅम, म्हणजे थेट डायबेटीसची रेघ. वाचणाऱ्याने ठरवावं. इंग्लंडमध्ये एचबीएवनसीच ५३ असं लिहितात, आपल्या हिशेबाने तेही ७ टक्केच, पण तिकडे मुलाकडे गेलेल्या बाबांना '५३ आलंय' एवढंच सांगून बघा, ते शुगर लो झाली म्हणून आधी पेढा तोंडात टाकतील आणि सूनबाईंना काही बोलताही येणार नाही.

इन्सुलिन लिहिताना १० च्या पुढे इंग्रजी यू असा चिकटवून काढा की तो शून्यच वाटला पाहिजे, म्हणजे १० चे १००. 'युनिट' पूर्ण लिहायला शाई लागते. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची (म्हणजे एका मिलीत तेवढी युनिटं) आहे का, तेही मेडिकलवाल्यावर सोडा.

आणि हो, डिजिटल तर व्हायलाच हवं! २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, पेशंटकडे १४ आकडी आभा नंबरपण (आरोग्याच्या नोंदी जोडायचा ओळख क्रमांक) आहे, मग रिपोर्टचा मोबाइलवर तिरका फोटो काढा, अंगठा येऊ द्या, पीडीएफ करा आणि जोडा. आकडे आत अडकले, ग्राफ निघत नाही, मागच्या वर्षीशी तुलना होत नाही, पण अपलोड झालं की नाही? सॉफ्टवेअरवाल्यांनी निदानाचा ड्रॉपडाउन ठेवलाच तर 'अदर' सगळ्यात वर ठेवावा, गर्दीच्या ओपीडीत बोट तिथेच पडतं.

एवढं करून एखाद्याला काही समजलंच तर तळाशी शिक्का असतोच, 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली', म्हणजे पेशंटला तपासून तुम्हीच काय ते जुळवून बघा.